ऐकणाऱ्याची सही

सिग्नेट, टास्मानिया
६ जुलै २०१४

प्रिय ग्वेंडा,

चुलीतली राख पत्र्याच्या बादलीत काढून क्लेम मागच्या दाराशी पोचलेला असायचा, तेव्हा मी अजून मोजे शोधत असायचे. पायरीवरचं दव रात्रीत गोठून काचेसारखं झालेलं असे. तो मुठीमुठीने राख टाकायचा, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी. मग किटलीतलं पहिलं पाणी. ते चहाला नाही, अंगणातल्या गोठलेल्या नळावर. नळ म्हाताऱ्यासारखा खोकायचा आणि सुटायचा. ओव्हनमध्ये वाळवून ठेवलेल्या काटक्या चुलीत, लापशीचं पातेलं वर, चिमूटभर मीठ. शेवटी तुझ्या दारावर चमच्याच्या दांड्याने दोन ठोके. ‘ग्वेन, सफरचंदं उठली.’ तू आतून म्हणायचीस, ‘त्यांना परत झोपव.’

१९७८च्या हिवाळ्यातली कुठलीही सकाळ घे, अशीच होती. मी क्लेमशी, तुझ्या वडिलांशी, लग्न करून या घरात आले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं आणि तू चौदाची होतीस. काल सकाळी बादली उचलताना हे सगळं आवाजांसकट आठवलं, म्हणून लिहायला बसले. क्लेम गेल्यानंतरच्या पाच वर्षांत मी तुला एक ओळ पाठवली नाही. तुझीही आली नाही. अल्बनीचा पत्ता तोच असेल असं धरून चालते.

इथलं सांगायचं तर, वरच्या उतारावर आता सफरचंदाचं एकही झाड नाही. नव्या मालकाने चेरी लावली आहे आणि तिच्यावर पांढरी जाळी घातली आहे. लांबून टेकडी आजारी माणसासारखी दिसते, चादर ओढून पडलेली. मालकीणबाई चांगल्या आहेत. अंडी नेतात, गप्पा मारायला थांबतात. त्यांनी तुझं नाव विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझी मुलगी समुद्रापलीकडे असते. ‘सावत्र’ म्हणाले नाही. तुला चालणार नसेल तर पुढच्या वेळी म्हणेन.

आणि एक बातमी आहे, हसू नकोस. मी कॉलेजात जाते. चौदाव्या वर्षी शाळा सोडून पॅकिंग शेडमध्ये सफरचंदं कागदात गुंडाळायला लागलेली बाई पदव्युत्तर पदविका करते आहे. सेलिब्रंट व्हायचं आहे मला, म्हणजे पाद्रीशिवाय लग्नं आणि अंत्यविधी चालवणारी. पदवी नाही म्हटल्यावर त्यांनी एक निबंध लिहून घेतला आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली माझी एकवीस वर्षं जमेला धरली. निबंधाचा विषय होता, ‘तुमच्या गावात चर्चबाहेर मरणाऱ्यांना कोण निरोप देतं?’ मी लिहिलं, जो कुणी त्या दिवशी मोकळा असेल तो. मला घेतलं.

वाचन होतंच, तुला ठाऊक आहे. मुरंबा ढवळता ढवळता तुझं इतिहासाचं पुस्तक वाचताना तू मला पकडलंस आणि म्हणालीस, ‘डल्सी, तू माझ्यापुढे एक धडा आहेस, मला पुढे काय झालं ते सांगू नकोस.’ तो मुरंबा लागला होता. क्लेमने तो वर्षभर खाल्ला.

लग्नं लावायला सरकारी परवाना लागतो. अंत्यविधीला काहीच लागत नाही, कुणीही उभं राहावं. म्हणूनच ते जास्त शिकावं लागतं असं आमच्या बाई म्हणतात. मला अंत्यविधीच करायचे आहेत. क्लेमच्या वेळी जो माणूस आणला होता, त्याने पुरेसं विचारलं नाही असं मला आता वाटतं. त्याने नीट चौकशी केली असती तर काही गोष्टी राहून गेल्या नसत्या. तू मधेच उठून गेलीस ते मला नंतर कळलं. पहिल्या रांगेतून मागचं दिसत नाही.

सवड झाली तर लिही. एक लहानसं काम होतं तुझ्याकडे, पण त्याची घाई नाही.

डल्सी


सिग्नेट
२७ जुलै २०१४

प्रिय ग्वेंडा,

तुझं कार्ड मिळालं. पुढे देवमासा, मागे: ‘डल्सी, पत्र पोचलं. तुला नेमकं काय हवंय? ग्वेंडा.’

तेराव्या वर्षीही तू अशीच होतीस. मी पुडिंग केलं की ताटाकडे न बघता विचारायचीस, ‘आज काय फुटलं?’ आणि खरोखरच काहीतरी फुटलेलं असायचं.

तर सांगते. मला तुझी सही हवी आहे.

या सत्राचं मुख्य काम असं आहे: स्वतः हजर होता असा एक अंत्यविधी निवडायचा आणि त्यात जे बोललं गेलं ते नव्याने लिहायचं. मी क्लेमचा निवडला. दुसरा कुठला निवडणार? लिहून झालं की मृताच्या घरच्यांपैकी एकाला ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचं. लिहिणाऱ्याने स्वतःला वाचून दाखवलेलं चालत नाही. कागदाखाली छापलेलं असतं: ‘हे मी पूर्ण ऐकलं. यातलं माणूस मला ओळखीचं वाटलं.’ त्याखाली ऐकणाऱ्याची सही. तीस सप्टेंबरपर्यंत तो कागद सहीसकट गेला नाही, तर हा विषय राहिला आणि पदविका एक वर्ष पुढे गेली.

घरच्यांपैकी म्हणजे तूच. क्लेमचे भाऊ गेले, आणि त्यांना तसंही त्याच्याबद्दल घोड्यांपलीकडे काही माहीत नव्हतं.

वाचून दाखवण्याचा हा नियम आमच्या बाईंचा, रोवेनाचा, फार लाडका आहे. महिन्यातून एक शनिवार-रविवार होबार्टला वर्ग भरतो. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, ‘कागद कितीही सुंदर असो, घरच्यांच्या कानावरून गेल्याशिवाय तो सभागृहात जात नाही. डोळे क्षमा करतात, कान करत नाहीत.’ माझ्या शेजारी डेस म्हणून एक निवृत्त पोलीस बसतो. तो पुटपुटला, ‘माझ्या बायकोचे दोन्ही करत नाहीत.’ रोवेनाने ऐकलं आणि त्यालाच उभं केलं. तू इथे का आलास, असं विचारलं. तो म्हणाला, ‘बाई, तीस वर्षं मी लोकांची दारं ठोठावून वाईट बातम्या दिल्या आणि लगेच निघालो. एकदा थांबून चहा प्यावा म्हटलं.’

विषय लग्नाचाही आहे. परीक्षेला ते कायद्याचं वाक्य शब्दशः म्हणावं लागतं, त्यात एक शब्द इकडेतिकडे चालत नाही. मी ते कोंबड्यांसमोर पाठ करते. आत्तापर्यंत सगळ्या कोंबड्या कायदेशीररीत्या विवाहित झाल्या असाव्यात. म्हणताना दर वेळी मला आमचं लग्न दिसतं. सत्त्याहत्तर साली अंगणात लग्न लावणं म्हणजे काय होतं, तुला आठवत असेल. निम्म्या गावाने ते लग्नच मानलं नाही. लग्न लावायला आलेल्या त्या तपकिरी सुटातल्या मास्तरीणबाई, मिस ट्रेथ्यूई, इतक्या घाबरल्या होत्या की हातातला कागद वाऱ्याने उडाला. कायद्याचं वाक्य त्यावरच होतं. क्लेम त्याच्यामागे धावला, मिस ट्रेथ्यूई क्लेमच्या मागे, आणि तू जागची न हलता पाय पुढे करून तो दाबलास. मग उचलून माझ्या हातात दिलास. ‘घे, तुझं लग्न.’ त्याच्यावर तुझ्या बुटाची चिखलाची छाप होती. मी तो जपून ठेवला आहे.

त्या दिवशी मला वाटलं होतं, आपलं बरं जमेल. जमलंही, नाही का? बरीच वर्षं.

सोबत नवा मसुदा पाठवते. यात एनिड आहे. तुझी आई. मागच्या वेळी ती राहून गेली होती. बारा मिनिटांत सगळं बसवायचं होतं म्हणून तसं झालं असावं.

वाचून तुझी हरकत नसेल तर एखाद्या रविवारी फोन करेन आणि ऐकवेन. सही पोस्टाने पाठव.

डल्सी


सिग्नेट
२४ ऑगस्ट २०१४

प्रिय ग्वेंडा,

चार आठवडे झाले. टपालवाली आता लांबूनच मान हलवते, म्हणजे मला फाटकापर्यंत यावं लागू नये.

तुझं उत्तर का आलं नाही ते मला कळलं आहे. मी सरळ लिहिलं नव्हतं. आज लिहिते. नंतर तू सही कर किंवा करू नकोस.

गेल्या वर्गात रोवेनाने आम्हाला घरी जाऊन चौकशी करण्याचा सराव करायला लावला. डेस सेलिब्रंट झाला, मी विधवा. म्हणजे मला फार काही करावं लागलं नाही. रोवेनाने आधी सांगून ठेवलं होतं की उठण्यापूर्वी एक प्रश्न विचारायचाच: या खोलीत कोण नाही? कारण जो चहा करून समोर बसतो तो मेलेल्या माणसाला एकटाच ओळखत असतो असं नाही. डेसने वहीतून डोकं वर काढलं आणि पोलिसाच्या आवाजात विचारलं, ‘या खोलीत कोण नाही?’

मी उठून खिडकीपाशी गेले. त्याला वाटलं मी फार छान अभिनय करते आहे.

ग्वेंडा, क्लेमच्या वेळी त्या माणसाने मला हेच विचारलं होतं. दोनदा विचारलं. स्वयंपाकघरात बसला होता, खिडकीजवळच्या खुर्चीवर. वही चांगली भरली होती. म्हणाला, ‘अजून कुणाशी बोलू का? मुलगी आहे ना त्यांना?’ मी म्हटलं, ‘ती विमानात आहे.’ तू तेव्हा मेन स्ट्रीटवरच्या मोटेलात होतीस, दहा मिनिटांवर. आदल्या दिवशीच आली होतीस. दार उघडून तू मला मिठी मारली होतीस आणि चहाही घेतला होतास.

निघताना दारात त्याने पुन्हा विचारलं, ‘पहिल्या पत्नीचा उल्लेख?’ मी म्हटलं, ‘त्या काळाबद्दल तो बोलत नसे.’ हे खरं होतं. मी ते खोट्यासारखं वापरलं.

त्यानेही मला वाचून दाखवलं होतं, विधीच्या आदल्या दिवशी, फोनवर. त्याचा काही दोष नव्हता. त्याने स्वतःहून एक ओळ घातली होती: ‘एनिडसोबतची पंधरा वर्षं.’ मी म्हटलं, ही काढा. त्याने विचारलं, ‘नक्की?’ मी म्हटलं, नक्की.

आणि तुला उठून जाताना मी पाहिलं. निळा कोट होता तुझा. मी मागे वळून बघत होते, कारण माझा आवडता भाग येणार होता आणि तो ऐकताना तुझा चेहरा मला बघायचा होता. सकाळचा भाग. मीच सांगितला होता त्याला, मिनिटामिनिटाने: राख, पायरी, नळ, काटक्या. तो ‘पायरीवर राख’ म्हणाला आणि तू उठलीस. त्या सभागृहाचं दार आपोआप हळूहळू बंद होणारं होतं. ते पूर्ण लागेपर्यंत तो माणूस थांबला. सगळे थांबले. मग तो नळावर आला.

मला कळलं नाही असं नाही. त्या सगळ्या सकाळी एनिडच्या होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवशी मी उठून चहाला पाणी ठेवायला गेले तर क्लेमने माझ्या हातातून किटली घेतली. ‘आधी राख.’ मी विचारलं, का? म्हणाला, ‘पाय घसरतो.’ बस एवढंच. हे त्याने एकट्याने शोधलेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. पुरुष असं काही शोधत नाहीत. तरी मी बत्तीस वर्षं तेच केलं, तिच्याच क्रमाने, तिच्याच पातेल्यात. कधी तक्रार केली नाही. मला वाटलं, एक दिवस, एकच दिवस, सगळ्यांसमोर ते माझं म्हणून सांगितलं जावं. ज्या दिवशी तो हरकत घेऊ शकणार नव्हता, तो दिवस मी निवडला.

तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. अंत्यविधीला तुला नेलं नव्हतं, हे क्लेमने मला एकदाच सांगितलं होतं. शेजारणीकडे बसवून बटणं निवडायला दिली होती, रंगाप्रमाणे वेगवेगळी. तेव्हा मुलांना नेत नसत. म्हणजे आईचं नाव एखाद्या सभागृहात मोठ्याने घेतलेलं तू कधी ऐकलं नव्हतंस. वडिलांच्या वेळी तरी ऐकू येईल म्हणून तू हजारो मैल आलीस, आणि मी ती ओळ काढली होती.

हे मी आधी लिहायला हवं होतं. बारा मिनिटांचं कारण खोटं होतं. जागा होती.

सहीचं मागे राहू दे. मसुद्यात जे चुकलं असेल ते तेवढं मला सांग. मी लिहिलेली एनिड पाळीव दिसते, हे मलाही कळतंय. मी तिला ओळखत नव्हते. पॅकिंग शेडमध्ये एकदा दुरून पाहिलं होतं, लाल रुमाल बांधलेलं.

डल्सी


सिग्नेट
२५ सप्टेंबर २०१४

प्रिय ग्वेंडा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. टपालवालीने फाटकातूनच ओरडून सांगितलं, ‘जाड आहे!’ आता अर्ध्या गावाला माहीत आहे.

तू माझ्या मसुद्यावर लाल शाईने लिहिलं आहेस. शाळेत असताना माझ्या बाजाराच्या यादीतली स्पेलिंगं सुधारायचीस तसंच, समासात, तेच तिरके फाटे. पहिल्या पानावर: ‘बाबा सिग्नेटला बागेसाठी आले नाहीत. बाग आईच्या वडिलांची होती. ते आईसाठी आले, बाग सोबत आली.’ दुसऱ्या पानावर मी ‘सोशिक’ लिहिलं होतं, ते तू दोनदा खोडलं आहेस. ‘आई सोशिक नव्हती. आगीच्या वर्षी पाद्री म्हणाला, देवाची इच्छा, तेव्हा तिने त्याच्या काळ्या कोटावर पिठाचे दोन्ही हात पुसले.’ मी हे वाचून एकटीच इतकी हसले की कुत्रा उठून बाहेर गेला. मग मला वाईट वाटलं, की ही बाई मला आवडली असती. सदतीस वर्षं तिच्या चुलीपाशी उभी राहून मला हे ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या पानावर मी ‘पायरीवर राख’ तसंच ठेवलं होतं, फक्त ‘एनिडकडून शिकलेलं’ असं जोडलं होतं. समासात जागा पुरली नाही म्हणून तू वेगळा कागद लावलास. तो मी इथे पुन्हा उतरवते, म्हणजे मी नीट वाचला आहे हे तुला कळावं.

‘आगीच्याच वर्षी, सदुसष्टच्या हिवाळ्यात, आई त्या पायरीवरून घसरली. सहावा महिना होता. बाळ गेलं. मला आठवत नाही, मी तीनची होते. तिनेच मला सांगितलं, शेवटच्या हिवाळ्यात, मधल्या खोलीत पडून होती तेव्हा. ते पडणं झाल्यापासून ती रोज राख टाकायची. मग तिला उठता येईना. ती मला म्हणायची, मी झोपलेली असले तर बाबांना आठवण कर, राख. मी करायचे. ती गेल्यावर आठवण करावी लागली नाही. त्या दिवशी हॉलमध्ये मी तुझ्यावर रागावून उठले नाही, डल्सी. निदान तेवढ्यासाठी नाही. त्या माणसाने तो शब्द एखादी गोड सवय सांगावी तसा म्हटला आणि लोक हसले. मला तिथे बसवेना.’

हो, लोक हसले होते. मीसुद्धा.

‘पाय घसरतो,’ तो म्हणाला होता. मी बत्तीस वर्षं ते पायाबद्दल आहे असं समजले. मला त्याचा फार राग आला, ग्वेंडा. इतकं एकट्याने वाहून नेण्यात काय शहाणपण होतं? पण मेलेल्या नवऱ्याशी भांडता येत नाही, म्हणून दुपारभर लाकडं फोडली. शेवटी एका ओंडक्यावर बसले आणि आठवलं, मी दुसऱ्यांदा कधी विचारलंच नव्हतं. एकदा विचारलं, उत्तर मिळालं, तेवढ्यावर संसार केला. त्या सेलिब्रंटने निदान दोनदा विचारलं होतं.

आता तुझ्या सहीबद्दल.

फॉर्मवर तू सही केली आहेस. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं आहेस: ‘इथे “ऐकलं” असं छापलंय. मी वाचलंय. तुझ्या कॉलेजला फरक पडत नसेल तर पाठवून दे. मला पडतो की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.’

मी रोवेनाला फोन केला. तिला सगळं सांगितलं नाही, हवं तेवढं सांगितलं.

ती म्हणाली, ‘सही आली ना?’

‘आली. पण तिने ऐकलेलं नाही.’

‘मग फोनवर ऐकव. सात दिवस आहेत. फोन चालतो आम्हाला.’

‘मला नाही चालत.’

‘का?’

‘फोनवर माणूस उठून गेलं तर कळत नाही,’ मी म्हटलं. ‘तिला उठून जायचं असेल तर मला ते दिसायला हवं. आणि तिला दार हवं.’

‘डल्सी, तीस तारीख मी पुढे ढकलू शकत नाही.’

‘ढकल म्हणतच नाहीये.’

‘वर्ष जाईल.’

‘सहासष्टव्या वर्षी एक गेलं काय.’

‘सहासष्टव्या वर्षी म्हणूनच विचारते,’ ती म्हणाली. बाई सरळ आहे, म्हणून मला आवडते. मग म्हणाली, ‘कारण काय लिहू? कोर्स सोडला म्हणून नाही ना?’

‘लिही, घरच्यांनी अजून ऐकलेलं नाही.’

पलीकडे पेन सरकल्याचा आवाज आला. ‘हे कारण आजवर कुणी दिलेलं नाही,’ ती म्हणाली. ‘द्यायला हवं होतं बऱ्याच जणांनी.’

डेसला कळलं तेव्हा त्याने फोन केला, आणि मी त्याच्यामागे एक वर्ष राहणार याचं त्याला दुःख झालं, कारण आता वर्गात त्याच्या विनोदांना कोण हसणार. म्हणाला, ‘काळजी करू नकोस, सिग्नेटचे लोक तुझ्यासाठी थांबतील. मरायची कुणाला घाई आहे?’

मसुदा मी पुन्हा लिहिला आहे. आता त्यात पिठाचे हात आहेत, लाल रुमाल आहे, मधली खोली आहे, बाळ आहे. बाळाला नाव दिलं होतं का, ते मला माहीत नाही. तिथे मी जागा सोडली आहे. तू सांगितलंस तर भरीन, नाहीतर वाचताना तेवढं थांबेन. माझ्यासाठीही एक परिच्छेद आहे. तो शेवटी आहे, लहान आहे आणि माझा आहे. सतरा मिनिटं होतात. कोंबड्यांसमोर वाचून पाहिलं नाही.

तुझ्याकडे उतरू दे असं मी म्हणत नाही. तुझ्या गावातही मोटेलं असतीलच. तुला वाटेल तिथे बसू, बंदरावर किंवा तुझ्या मागच्या अंगणात. तुझ्या पाठीमागे वाट मोकळी राहील अशी बसव मला. मी वाचेन. तू मधे थांबवलंस तर थांबेन, खोडलंस तर तिथेच खोडेन. नंतर सही करावीशी वाटली तर पुढच्या सप्टेंबरपर्यंत वेळ आहे.

मी विमानात कधी बसलेली नाही, हे तुला माहीत आहे. क्लेम म्हणायचा, डल्सीला शिडीवर चढवायचं तर आधी तिला शिडी झोपलेली आहे असं सांगावं लागतं. चेरीवाल्या मालकीणबाई कोंबड्या आणि कुत्रा बघायला तयार झाल्या.

तुझं पत्र मंगळवारी आलं. दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या पहिल्या बसने होबार्टला गेले, तुझ्या सहीचा फॉर्म रोवेनाच्या टेबलावरच्या पेटीत न टाकता परत पिशवीत ठेवला आणि नऊ ऑक्टोबरचं तिकीट काढलं.

डल्सी